गारोवचा लाल दिवा

स्तामेनाच्या दुकानात गाडी घेऊन आलेल्या माणसाला ती आधी गाडीवरून बोलायची, मग त्याच्या अकलेवरून, आणि त्यानंतर बॉनेट उघडायला सांगायची. हा क्रम कधी चुकला नाही. दोन्ये ब्रेस्त्ये आणि आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लोक निमूट ऐकून घ्यायचे. शिवाय बाईच्या हाताला तोड नव्हती. तिनं जोडलेलं टोक दहा वर्षांनी उघडलं तरी आत तांबं लखलखीत निघायचं.

दुकान मूळ तिच्या नवऱ्याचं, ब्लागोयेचं. पाटीवर आजही त्याचंच नाव आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला फ्यूज कशाला म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. ब्लागोयेच्या हाताखाली माणूस टिकत नसे, म्हणून त्यानं बायकोच्या हातात पक्कड दिली. पुढं त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा सगळं काम ती करायची आणि तो दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी राजकारण बोलायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही. त्याच्यामागं वर्षभरात सासूही गेली, पण जाण्याआधी खाटेवर उठून बसून तिनं भाऊबंदांसमोर सांगून टाकलं, "दुकानात काम येतंय तोवर दुकान स्तामेनाचं. काम थांबेल त्या दिवशी किल्ली सिबिनला."

कागदावर जागा दोन्ही भावांच्या नावे होती. पण आमच्याकडं मरणाऱ्या आईचा शब्द कागदापेक्षा जड, आणि कोर्टाची पायरी चढायची स्तामेना आणि सिबिन दोघांनाही लाज. तेव्हापासून सिबिन, तिचा धाकटा दीर, काम थांबायची वाट बघत होता. त्याचा धंदा मिरचीचा. स्वतःची पिकवायचा आणि गावातल्या चार घरांची आपल्या ट्रकमध्ये घालून नीशच्या घाऊक बाजारात न्यायचा. दुकान अगदी हमरस्त्याला लागून. तिथं मिरचीचं गोदाम केलं तर ट्रक दारातच लागेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुकानात आता एक म्हातारी होत चाललेली विधवा बसते, एवढीच काय ती अडचण.

खरी आग मात्र दुकानावरून पेटली नव्हती, ती संतावरून. त्या घराण्याचा संत अलिम्पिये, त्रेपन्न वर्षं एका खांबावर उभा राहिला म्हणतात तो. आमच्याकडं प्रत्येक घराण्याला आपला एक संत असतो, त्याच्या दिवसाला स्लाव्हा म्हणतात, आणि बापामागून तो दिवस मुलाकडं जातो. अलिम्पियेचं जुनं लाकडी चित्र ब्लागोयेनं दुकानात, कामाच्या टेबलावर टांगलं होतं. ब्लागोये गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण करून लोक उठले, आणि सिबिन खुर्चीवर चढून चित्र काढायला लागला.

"काय करताय, भावजी?" स्तामेनानं विचारलं.

"संत पुरुषाकडं राहतो, वहिनी. ज्या घरात वंशाचा दिवा नाही तिथं तो काय करणार? वायरी मोजणार?"

"हे घर तुमच्या भावाचंच आहे."

"भाऊ होता तोवर. तू बाहेरून आलेली."

चित्र काखेत मारून तो निघून गेला. भिंतीवर धुराचा हात न लागलेला एक पांढरा चौकोन राहिला. तो चौकोन स्तामेनानं तीन वर्षांत रंगवला नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं आळस आहे. आळस कसला, रोज सकाळी त्या चौकोनाकडं बघून तिला कामाला जोर चढायचा, कारण काम चालू ठेवणं हीच सिबिनला दिलेली शिवी होती.

सिबिनच्या ट्रकचं नाव गारोव. काळ्या कुत्र्यांना ठेवतात ते नाव, आणि ट्रकही तसाच, काळा, पेट्रोल पिणारा आणि उगाच गुरगुरणारा. ऑगस्टमध्ये, नेमकी मिरची लाल व्हायच्या वेळी, त्याचा बॅटरी भरणारा डायनामो गेला. दुसरीकडं कुठं जायची सोय असती तर सिबिन तिथं सरपटत गेला असता. पण नव्हती.

"वहिनी, हे बघ जरा."

स्तामेनानं आत डोकं घातलं. "हा डायनामो नाही, भावजी, हे थडगं आहे. एवढी वर्षं चालवलात कसा? शिव्या देऊन?"

"दुरुस्त होतो का तेवढं सांग."

"नाही होत. भंगारवाल्याकडून अल्टरनेटर आणा, हल्ली डायनामोच्या जागी तोच बसवतात. आणि ही रेग्युलेटरची पेटी काढून टाकू. आतून सडली आहे. मालकाला कळलं नसेल, त्याला आतलं कळायची सवय नाही."

सिबिननं दात ओठ खाल्ले, पण अल्टरनेटर आणला. डायनामो काढून तिथं अल्टरनेटर बसवणं म्हणजे नुसते चार बोल्ट आवळणं नाही. स्तामेनानं नवीन पट्टी कापून त्याला बैठक केली, पट्टा सरळ रेषेत आणला, जुनी पेटी उपटून फेकली, जाड वायर थेट बॅटरीला नेली. आणि एक बारीक निळी वायर केबिनमध्ये घेऊन डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला जोडली. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. मीटर चौदा व्होल्ट दाखवत होतं.

"या लाल दिव्यावर लक्ष ठेवा," ती म्हणाली. "किल्ली फिरवल्यावर लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझलाच पाहिजे."

सिबिनचं लक्ष दुकानाच्या रुंदीकडं होतं. तो नजरेनं गोदाम मोजत होता.

दहा दिवस गारोव सुतासारखा चालला. अकराव्या दिवशी पहाटे, दिवे लावून नीशला जाताना, लिप्येच्या चढणीवर मेला. बॅटरी पार रिकामी. ट्रॅक्टरनं ओढत आणला. सिबिन भंगारातून दुसरा अल्टरनेटर घेऊनच दुकानात आला आणि तो त्यानं टेबलावर आदळला.

"तुझा अल्टरनेटर मेला."

"माझा नव्हता, तुम्हीच निवडून आणलेला होता. केबिन उघडा."

"कशाला? काम बॉनेटखाली आहे."

"डॅश बघायचाय."

"केबिनमध्ये तुझं काही काम नाही," असं म्हणून त्यानं दोन्ही दरवाजांना कुलूप घातलं आणि स्वतः आत बसून काच दोन बोटं खाली घेतली.

तेव्हा स्तामेनाला काचेतून दिसलं. डॅशच्या वर, मधोमध, अलिम्पिये. तिचा अलिम्पिये. त्याच्यापुढं लाल काचेची एक छोटी वाटी तारेनं बांधलेली, आणि तिच्यात दिवसाढवळ्या बारीक दिवा जळत होता. तीन वर्षांनी तिनं ते चित्र बघितलं होतं. नकळत तिचा हात दरवाजाच्या कडीवर गेला.

"हात काढ," सिबिन आतून म्हणाला. "माहीत होतं मला. म्हणूनच कुलूप."

"मिरचीच्या पोत्यांत बसवलंत होय त्याला?"

"माझा संत, मी कुठंही बसवीन. तू तुझे बोल्ट आवळ."

तिनं बोल्ट आवळले. हातात पाना होता आणि समोर त्याचं डोकं होतं, मध्ये फक्त काच, हे तिनं पुढं स्वतःच एकदा सांगितलं. नवा अल्टरनेटर बसला. मग तिनं बारीक निळी वायर काढून बॉडीला टेकवली. असं केलं की आतला लाल दिवा लागतो.

"लागला का?" तिनं विचारलं.

"लागला."

"नक्की?"

"लागला म्हणतोय ना! आंधळा आहे का मी?"

तिनं मीटर लावलं. निळ्या वायरीत शून्य. किल्ली फिरवलेली, आणि वायर मेलेली. फ्यूज चांगला होता, वायर तिनं स्वतः ओढलेली होती. म्हणजे दिवाच जागेवर नव्हता, आणि आत बसलेला माणूस तिला तोंडावर खोटं सांगत होता.

नळाखाली हात धुताना तिच्या डोक्यात उजेड पडला. लाल वाटीतला तो बारीक दिवा. तसला बल्ब गावात तिच्या डबीशिवाय कुठंच मिळत नाही. संतापुढचा गेला असणार, आणि या शहाण्यानं डॅशवरचा काढून तिथं लावला असणार. डॅशवरचा लाल दिवा काय, लागला तर वाईट बातमीच देतो. त्यापेक्षा संतापुढं जळला तर पुण्य. आमच्या गावातले निम्मे ड्रायव्हर हेच करतील आणि वर स्वतःवर खूश होतील. तो दिवा नुसता बातमी देत नाही, झोपलेल्या अल्टरनेटरला तोच उठवतो, त्याच्यातून जाणारी चिमूटभर वीज मिळाली नाही तर अल्टरनेटर नुसता गरगरत राहतो, हे कुणाला सांगायचं?

सिबिनला सांगायचं, अर्थात. तो दहा पावलांवर उभा होता. तेही नको तर स्वतःच्या डबीतला एक बल्ब बॉनेटखालीच जोडायचा, पाच मिनिटांचं काम, सिबिनला कळलंही नसतं. हे सगळं तिच्या डोक्यात आलं. आणि मग डोक्यात आला तो पांढरा चौकोन, ते कुलूप, ते "आंधळा आहे का मी". तिचा जीव नुसता जळत होता. मर एकदाचा, असं तिच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत.

"झालं," ती म्हणाली. "घेऊन जा."

दिवस मंगळवारचा. बुधवारी पहाटे सिबिन निघाला. पण गारोववर एकट्या सिबिनची मिरची नव्हती. तीन घरांची होती, आणि त्यातली निम्मी पोती वुकोसावाआजीची. ऐंशीच्या घरातली बाई, एकटी, एप्रिलपासून पाठ वाकवून रोपं जगवलेली. गारोव यावेळी लिप्येच्याही पुढं, धड गाव नाही धड शेत नाही अशा ठिकाणी आडवा झाला. त्या आठवड्यात ऊन असं पडलं होतं की पत्र्यावर अंडं शिजावं. ताडपत्रीखाली मिरची दोन दिवस उकडत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला वास सुटला आणि सिबिननं ती खड्ड्यात ओतली.

स्तामेनानं हे ऐकलं तेव्हा ती एका ट्रॅक्टरचं हॉर्नचं बटण बसवत होती. बटण तिनं तीनदा उलटं बसवलं. सिबिनची जिरवायची होती तिला, म्हातारीची मिरची तिच्या हिशोबातच नव्हती. पण आता बोलणार काय? सिबिननं बल्ब चोरला म्हणावं, तर तुला कधी कळलं असं कुणीतरी विचारणारच.

म्हणून ती गप्प बसली, आणि गप्प बसली म्हणून सगळं तिच्या अंगावर आलं. सिबिन काफानात, गावच्या गुत्त्यात, बसून ग्लास आपटत सांगायला लागला, "दोन अल्टरनेटर खाल्ले त्या बाईनं! ब्लागोये गेला तेव्हाच दुकान गेलं. आता नुसती पाटी आहे." लोकांनी मान डोलावली. इतकी वर्षं तिच्या शिव्या खाल्लेल्या लोकांना हे ऐकून गोड वाटलं असेल तर नवल नाही. आठवड्यात दोनच गाड्या आल्या, त्याही परगावच्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी मिरचीच्या काट्यावर, जिथं पोती तोलून ट्रक भरतात, सिबिननं तिला बोलावणं धाडलं. गारोव भरून उभा होता. बॅटरी बाहेरून भरून आणलेली. वीस-पंचवीस शेतकरी जमले होते, आणि पोत्यावर वुकोसावाआजी बसली होती, हातात काठी.

"वहिनी," सिबिन मोठ्यानं म्हणाला, "माणसांसमोर सांगून टाक. मला जमत नाही म्हण. मी लेस्कोवाचहून माणूस आणतो आणि विषय संपवतो."

विषय म्हणजे कोणता हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं हात जवळजवळ किल्लीसाठीच पुढं केला होता.

"केबिन उघडा, भावजी. मग सांगते."

"केबिन नाही उघडणार."

"बघा," स्तामेना लोकांकडं वळली, "डॉक्टरला बोलावतात आणि रोग्याचं तोंड उघडू देत नाहीत."

कुणीतरी हसलं. वुकोसावाआजीनं काठी आपटली. "उघड रे सिबिन. या खेपेला तरी माझी मिरची पोचू दे, का तीही खड्ड्यात ओतायचीय?"

म्हातारीला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्यानं कुलूप काढलं. स्तामेना वर चढली. संताकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर पुढचं जमलं नसतं. डॅशवरच्या रिकाम्या भोकात बोट घालून ती ओरडली, "या, सगळे या! इथं लाल दिवा होता. कुठं गेला?"

सिबिनचा चेहरा मिरचीशी स्पर्धा करायला लागला.

"संतापुढं आहे!" तीच म्हणाली. "हा दिवा अल्टरनेटरला उठवतो. तो काढला की अल्टरनेटर झोपतो, बॅटरी आटते, आणि ट्रक मरतो. दोन्ही अल्टरनेटर ठणठणीत आहेत. यानं दिवा चोरला आणि मला विचारल्यावर म्हणाला, लागला! आंधळा आहे का मी, म्हणाला!"

हशा असा उसळला की काट्यावरची कबुतरं उडाली. "संताला चोरीचा दिवा!" "अरे सिबिन, अल्टरनेटरलाही कधी मेणबत्ती लाव!" स्तामेनाला तीन वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. तिनं खिशातून नवा बल्ब काढला, भोकात बसवला, किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन गुरगुरलं, दिवा विझला. "चौदा व्होल्ट," ती मीटर वर धरून म्हणाली. "नीशच काय, बेलग्रेडपर्यंत जा."

ती खाली उतरली. लोक तिच्या पाठीवर थाप मारायला पुढं आले. वुकोसावाआजी मात्र पोत्यावरून उठली नव्हती.

"स्तामेना," ती म्हणाली, "तो बल्ब तुझ्या खिशात कुठून आला?"

"दुकानातून आणला."

"म्हणजे घरून निघतानाच तुला माहीत होतं काय बिघडलंय."

स्तामेना मीटरची वायर गुंडाळू लागली.

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. आज सकाळी, म्हणाली असती तर कुणी पडताळून बघणार नव्हतं. पण त्या म्हातारीच्या मातीनं काळ्या पडलेल्या बोटांकडं बघत खोटं बोलायला तिची जीभ उचलली नाही.

"त्या मंगळवारी, ट्रक दुकानात होता तेव्हाच," ती म्हणाली.

"माझी मिरची गेली दुसऱ्या दिवशी, बुधवारी."

"हो."

थाप मारायला पुढं आलेले हात मागं गेले. मग सिबिन हसला, एकटाच, मोठ्यानं. "बघा! ऐकलंत ना? बाहेरची ती बाहेरचीच! आपल्या माणसांची मिरची हिनं जाणूनबुजून कुजवली!"

"तू गप रे, दिवेचोरा," वुकोसावाआजी उठली. काठी टेकत ती गारोवपाशी गेली, वर हात करून तिनं चित्र खाली घेतलं, लाल वाटीची तार तोडली, आणि अलिम्पियेला शालीखाली घेऊन निघाली. "हा माझ्या घरी राहील. तुमच्यापैकी कुणाकडंही राहायची त्याला लाज वाटत असेल." तिला अडवायची छाती कुणाला झाली नाही, सिबिनलाही नाही.

त्याच संध्याकाळी स्तामेना तिच्या फाटकाशी गेली. "आजी, चूक माझी."

"ठाऊक आहे," आतून आवाज आला. "जा आता."

त्यानंतर दुकानात काम येणं जवळजवळ बंदच झालं. आधी लोकांना वाटलं होतं तिला काम येत नाही, आता त्यांना कळलं होतं की ती काम येत असून करत नाही, आणि हे जास्त वाईट. ऑक्टोबरभर गावात भाजलेल्या मिरचीचा धूर होता, घरोघरी बरण्या भरत होत्या, आणि स्तामेना रिकाम्या टेबलाशी बसून जुनी टोकं घासत होती. रोज आठला शटर वर. नोव्हेंबरच्या शेवटी सलग अकरा दिवस एकही गाडी आली नाही. बाराव्या दिवशी सिबिन मोजायची फीत घेऊन आला आणि ती आत बसलेली असताना दुकानाची रुंदी मोजून गेला. ती रात्र तिनं रडून काढली, आणि सकाळी आठला शटर वर.

अलिम्पियेचा दिवस नऊ डिसेंबरला. वुकोसावाआजीनं दोघांनाही निरोप धाडला, "संत माझ्याकडं आहे, तेव्हा स्लाव्हा माझ्याकडं. पूजेचा पाव मी भाजलाय. तुमच्यापैकी कुणाच्या हातचा चालणार नाही." स्लाव्हाला कुणाला बोलावत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. त्या दिवशी झाडून सगळं गाव आलं. भक्तीपेक्षा तमाशाची ओढ जास्त, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

नाताळाआधीचे उपासाचे दिवस, मांस-दूध बंद, म्हणून टेबलावर भाजलेला घेवडा, मासे, अक्रोड. घरच्या यजमानानं स्लाव्हाला बसायचं नसतं, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं. सिबिन आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. स्तामेना आली आणि समोरच्या भिंतीशी उभी राहिली. खुर्च्या सरकवून झाल्या, आग्रह झाले, दोघांपैकी कुणी बसेना. बसला तो पाहुणा ठरणार होता. दोघांच्या मध्ये, भिंतीवर, अलिम्पिये, तोही उभाच.

पाद्रीबाबांनी पाव हातात घेतला. आता तो फिरवायचा, वर वाइन ओतायची आणि मोडायचा. पाव फक्त घरच्यांनी धरायचा असतो, पाहुणे बघतात.

"घरचे पुढं या," पाद्रीबाबा सवयीनं म्हणाले आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो.

सिबिन पुढं आला आणि त्यानं पाव धरला. स्तामेनाही पुढं आली आणि तिनंही धरला.

"हात काढ," सिबिन पुटपुटला.

"तू काढ." भावजी नाही, तुम्ही नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला तू म्हणाली.

"बाबा, ही घरची नाही," सिबिन मोठ्यानं म्हणाला. पाव दोघांच्या बोटांखाली चेपायला लागला. पाद्रीबाबांनी गोंधळून वुकोसावाआजीकडं बघितलं, कारण घर तिचं होतं आणि नुकसानही.

म्हातारीनं हातातली थाळी खाली ठेवली. "बाबा, माझी मिरची या दोघांनी मिळून कुजवली. यानं दिवा काढला, हिनं तोंड शिवलं. एकट्याच्यानं एवढं वाईट झालं नसतं. असलं काम एकाच घरची माणसं करतात. दोघांना धरू द्या."

कुणी हसलं नाही. स्तामेनाचा चेहरा लाजेनं जळत होता. तीन वर्षं जे ऐकायला ती तडफडत होती ते असं, सगळ्या गावासमोर, थोबाडीत मारल्यासारखं तिच्या पदरात पडलं होतं. तरी तिनं हात काढला नाही. सिबिननंही काढला नाही. पाद्रीबाबांनी घाईनं म्हणायला सुरुवात केली आणि पाव फिरला, एकदा, दोनदा, तीनदा, दोघांची नखं त्यात रुतलेली. वाइन ओतली. पाव मोडला. तुकडे बघून कुणाचा मोठा हे ठरवायला लोक पुढं वाकले, पण दोघांनीही आपापला तुकडा मुठीत आवळून धरला होता.

आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं. पावावर हात पडला, म्हणजे घरची झाली. आता तिला बाहेरची म्हणायची गावात कुणाची सोय उरली नाही, सिबिनचीही नाही.

वाढपाला दोघंच होते. टेबलाच्या एका बाजूनं तो घेवडा वाढत होता, दुसऱ्या बाजूनं ती मासे. टोकाला दोघं समोरासमोर आले. सिबिन भांड्यात बघत म्हणाला, "गारोव किल्ली फिरवली की नुसता खटखट करतो."

स्तामेना थांबली. काम आलं होतं. कितीतरी दिवसांनी, आणि ज्याला ते थांबायला हवं होतं त्याच्याच तोंडून.

"केबिन?" तिनं विचारलं.

"उघडी असेल."

"आठला आण," ती म्हणाली. "उशीर केलास तर तुझी वाट बघणार नाही." आणि वुकोसावाआजीच्या ताटात तिनं सगळ्यात मोठा मासा वाढला. म्हातारीनं तो उचलून शेजारच्या ताटात टाकला.